शहानिशा साहेबांचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये माझ्या भाऊजींना सगळे 'शहानिशा साहेब' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ठाऊक आहे, आणि माझा अंदाज असा की त्यांना ते आवडतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. रक्त-लघवी तपासणाऱ्या आमच्या लॅबच्या तीन शाखा आहेत आणि तिन्हींचे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. त्याच लॅबमध्ये ताई रक्त काढते आणि मी तळमजल्यावर काउंटरला बसून रिपोर्ट देते. तुमचं अख्खं खानदान लोकांच्या रक्तावर जगतं, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणतात. त्या लॅबच्या मालकीण आहेत, त्यामुळे आम्हाला हसावं लागतं.

माणूस वाईट नाही. पण त्यांच्याबरोबर कोणी एक दिवस काढून दाखवावा. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून तारीख घातली आहे, मिठाच्या बरणीवरसुद्धा. मीठ कधी नासतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मीठ नासत नाही, पण बरणीत मीठच आहे हे तुला कोणी सांगितलं? कोपऱ्यावरचं दुकान उघडं आहे म्हटलं की त्यांचा प्रश्न तयार: कोणी पाहिलं, किती वाजता पाहिलं. लग्न ठरण्याआधी ताईचा फोटो पाठवला तेव्हा बाकीच्यांनी उंची विचारली, शिक्षण विचारलं. ह्यांनी विचारलं, फोटो कधीचा आहे. चार वर्षांपूर्वीचा होता. नवा काढून द्यावा लागला. मी तेव्हाच म्हटलं होतं की हा नमुना आहे. बाबा मात्र खूश झाले. एवढी चौकशी करणारा माणूस बायकोपासून काही लपवणार नाही, असं त्यांचं गणित होतं.

भाऊजींचा जीव अडकलेला असतो तो कॅशेमध्ये. ही काय भानगड आहे हे ते सांगायला लागले की समोरच्याला झोप येते, म्हणून मी माझ्या पद्धतीने सांगते. माझ्या काउंटरवर दिवसाला दोनशे माणसं तेच विचारतात. उपाशीपोटी यायचं का, रिपोर्ट कधी मिळेल, जिना कुठे आहे. प्रत्येक वेळी मी वर जाऊन डॉक्टरबाईंना विचारत बसले तर माझे पाय आणि त्यांचं डोकं, दोन्ही जातील. म्हणून मी उत्तरं एकेका पुठ्ठ्यावर लिहून समोरच्या स्टँडमध्ये लावली आहेत. कोणी विचारलं की पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं. आमच्या वेबसाइटच्या दारातही असाच एक स्टँड आहे. एकाने मागितलेलं पान तिथे ठेवून घ्यायचं आणि पुढच्याने तेच मागितलं की आत न जाता तिथूनच काढून द्यायचं. हा स्टँड म्हणजे कॅशे. काम झटपट होतं, सगळे खूश.

आता एखाद्या टवाळाने माझ्या नकळत पुठ्ठा बदलला तर? मी दिवसभर मान खाली घालून लोकांना सांगत राहीन की भरपेट जेवून या. एक चूक, पण दोनशे जणांना वाटली जाणार. भाऊजी ह्याच भीतीने जगतात, आणि एकदा तसं खरंच झालं. एका मंगळवारी सकाळी वेबसाइटवरचा आमचा फोन नंबर बदलला. कोणीतरी आमचं पान असं काही वाकडंतिकडं करून मागितलं की उत्तरात भलताच नंबर आला, आणि स्टँडने ते उत्तर इमानेइतबारे ठेवून घेतलं. तीन तास आमच्या पेशंटचे फोन एका टायरवाल्याच्या दुकानात वाजत होते. पहिल्या वीस जणांवर तो खेकसला. मग बहुधा त्याला त्यात रस वाटू लागला असावा, कारण दुपारपर्यंत तो लोकांना चहासुद्धा न घेता या म्हणून बजावत होता. एका आजोबांना त्याने रविवारची वेळ दिली. रविवारी आम्ही बंद असतो, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार.

भाऊजींनी ते शोधून काढलं, पुसलं, पुन्हा होऊ नये असा बंदोबस्त केला आणि टायरवाल्याला भेटून त्याची माफीही मागितली. डॉक्टरबाईंनी त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. तेव्हापासून दोन वर्षं ते त्या टेबलावरून एकच गोष्ट सांगत आले, की स्टँडमध्ये आणखी एक भोक आहे आणि ते टायरवाल्यापेक्षा वाईट आहे.

ते भोक असं. स्टँडला नियम घालून दिला आहे की कागद सगळ्यांसाठी असेल तरच ठेवायचा. एखाद्याचा रिपोर्ट ठेवायचा नाही, तो ज्याचा त्याला देऊन मोकळं व्हायचं. पण सगळ्यांचं कोणतं आणि एकाचं कोणतं हे स्टँडला कसं कळणार? तर पानाच्या पत्त्याच्या शेपटावरून. शेवटी .jpg असं फोटोचं शेपूट असेल तर फोटो, म्हणजे सगळ्यांचा. आता एखाद्या पेशंटला कोणी निरोप पाठवला, की खालच्या लिंकवर दाबा आणि तुमचा रिपोर्ट बघा. लिंक रिपोर्टच्याच पानाची, फक्त मागे फोटोचं खोटं शेपूट जोडलेलं. पेशंट दाबतो. आतलं मशीन शेपटाकडे लक्ष देत नाही, मुकाट्याने रिपोर्ट काढून देतं. दारातला स्टँड फक्त शेपूट बघतो, फोटो आहे म्हणतो आणि रिपोर्ट सगळ्यांसाठी लावून ठेवतो. मग निरोप पाठवणारा येतो, तीच लिंक उघडतो आणि त्या माणसाचे सगळे रिपोर्ट आरामात वाचतो. कोणाला कोणता आजार आहे, कोणाला दिवस गेलेत, सगळं.

वेबसाइट बांधणाऱ्या कंपनीचं म्हणणं, असं होऊच शकत नाही. भाऊजींनी खोटा पेशंट तयार करून दाखवलं. कंपनी म्हणाली, खोटे पेशंट वेगळ्या खणात असतात, खऱ्यांचं असं होत नाही. आणि चुकून झालंच, तर आमचा एक प्रोग्राम दर दोन तासांनी झाडू मारतो, खासगी पान असेल तर उचलून टाकतो. नियम बदलला तर साइट हळू होईल, मग आम्हाला बोलू नका. साइट हळू होईल म्हटलं की डॉक्टरबाई गप्प व्हायच्या. भाऊजी खिडकीजवळ जाऊन बसायचे आणि दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत, जे आम्हाला बरंच पडायचं.

मग गेल्या महिन्यात, साइटवर कोण येऊन गेलं ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो त्या नोंदवहीत त्यांना खुणा दिसल्या. बाहेरून कोणीतरी तीन दिवस आमच्या साइटचं दार चाचपत होतं. रिपोर्टच्या पानाला वेगवेगळी शेपटं लावून बघत होतं, दोनशेहून जास्त वेळा. चोर कुलपात किल्ल्या घालून बघतोय आणि घरमालक म्हणतोय घरात हवा छान खेळते, असं भाऊजी डॉक्टरबाईंना म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरबाई घाबरल्या. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोनवर धरला. नियम बदलायला तो एका अटीवर तयार झाला. खऱ्या पेशंटचं पान स्टँडमध्ये दोन तासांहून जास्त पडून राहिलेलं तो स्वतः आपल्या जागेवरून बघेल, मगच मानेल. गुरुवारी दोन वाजता त्याला वेळ होता. त्यानंतर तो महिनाभर दुसऱ्या कामात अडकणार होता.

खरा पेशंट आणायचा कुठून? दुसऱ्याचा रिपोर्ट असा उघड्यावर टाकायला भाऊजी मेले तरी तयार झाले नसते. त्यांनी आधी मला विचारलं. मी सांगितलं, माझ्या नावावर एकही रिपोर्ट नाही. अकरा वर्षं लॅबमध्ये काम करते, पण सुई बघितली की मला घेरी येते. हे ताईला ठाऊक नाही आणि तिला सांगायचं काही कारणही नाही. मग त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "माझाच घेऊ."

गुरुवारी साडेअकराला त्यांनी आपल्या नावाने आत जाऊन शेपटाची लिंक उघडली. मग माझ्या काउंटरवर येऊन मला तीच लिंक दिली आणि म्हणाले, उघडलं का एवढंच सांग, वाचू नकोस. मी उघडलं. उघडलं होतं. आणि वाचू नको म्हटल्यावर कोण वाचत नाही?

आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा नऊ पूर्णांक आठ. साडेसहाच्या वर गेला की डॉक्टर मधुमेह म्हणतात, हे एवढ्या वर्षांत मला पाठ झालंय. रक्त आमच्या इथे काढलंच नव्हतं, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत जाऊन दिलं होतं. मला आधी राग आला. हा माणूस मिठाची शहानिशा करतो आणि आठ महिने खिशात बिस्किटांचा पुडा घेऊन हिंडतो. मग बाबा आठवले. आमच्या बाबांचा डावा पाय ह्याच साखरेने गेला होता. दोन वर्षं ताईने रोज सकाळी त्यांच्या जखमेची पट्टी बदलली, मला पलीकडच्या खोलीत पाठवून. शेवटी पायही गेला आणि बाबाही गेले. भाऊजींनी ते सगळं बघितलं होतं.

मी वर पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "ताईला मी सांगेन. दोन वाजता हे पुसतो आणि संध्याकाळी सांगतो." गेले आठ महिने रोजच संध्याकाळ होत होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं.

तेवढं झालं असतं तरी निभावलं असतं. पण बारा चाळीसला डॉक्टरबाईंनी ती लिंक बघायला मागितली, बघितली, संतापल्या आणि कंपनीच्या माणसाला चार शब्द सुनावून सोबत लिंक धाडून दिली. फक्त ती कंपनीच्या माणसाला न जाता लॅबच्या ग्रुपवर गेली. ग्रुपमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत. संदेश होता, 'हे बघा तुमचं कर्तृत्व.' आपलं कर्तृत्व काय ते बघायला त्रेचाळीसपैकी अकरा जणांनी लगेच लिंक उघडली. डॉक्टरबाईंनी घाईघाईने संदेश पुसला, तोही फक्त स्वतःच्या फोनवरून. आता तो त्यांना दिसत नव्हता आणि बाकी सगळ्यांना दिसत होता. झालं एकदाचं, असा सुस्कारा टाकून त्या पाणी प्यायल्या.

मी धावत वर गेले. भाऊजींच्या स्क्रीनवर 'रिकामा करा' असं बटण होतं आणि त्यांचा हात माउसवर. एक टिचकी, आणि स्टँडमधून तो रिपोर्ट गेला असता. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना पुढे दिसला नसता. ताईने अजून पाहिला नव्हता. रक्त काढणाऱ्या मुलींना फोन कपाटात ठेवावे लागतात आणि तिची ड्यूटी एक वाजता संपणार होती. घड्याळात बारा बावन्न झाले होते.

मी म्हटलं, पुसा. ते म्हणाले, आत्ता पुसलं की दोन तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दोन वाजता तो माणूस बघेल तेव्हा पान जेमतेम तासाभराचं असेल. तो म्हणेल, झाडू मारायची वेळ झालीच नाही, मग भेटू महिन्याने. मी म्हटलं, भेटा महिन्याने, काय बिघडतंय. त्यांनी नोंदवही माझ्यापुढे केली. सकाळपासून आणखी चौदा किल्ल्या लावून झाल्या होत्या. मग त्यांनी माउसवरचा हात उचलला, खुर्ची मागे सारली आणि जिन्याकडे निघाले. मी मागोमाग. हा माणूस लिफ्टच्या तपासणीच्या तारखेचीसुद्धा खात्री करून आत पाऊल टाकतो, त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या उतरत होता.

दोन वाजता काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकायला नको. कंपनीच्या माणसाने लिंक उघडली. पान दोन तास एकोणतीस मिनिटं जुनं होतं, झाडू येऊन हात हलवत परत गेला होता. मग पहिलं वाक्य आलं ते असं, "साहेब, गोळ्या चालू केल्यात का? माझ्या आईला एवढीच आहे." दुसरं वाक्य, नियम आजच बदलतो. बदलला. साइट हळू झाली का? मला तरी कळलं नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. ग्रुपवर तोवर सात जणांनी आहाराचे तक्ते पाठवले होते आणि ड्रायव्हरकाकांनी कारल्याच्या रसाचं प्रमाण लिहून पाठवलं होतं.

तर एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. ताईचा शेवटचा पेशंट बाही खाली करत उठत होता. भाऊजी रक्त काढायच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ताईने विचारलं, काय झालं, एवढे घामाघूम का. ते खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, आकड्यासकट, ग्रुपसकट. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, एका सुरात. मी दार लावून पाठ टेकवून उभी राहिले, कारण बाहेरचे दोघं-तिघं आधीच घुटमळत होते.

ताई हातमोजे काढता काढता थांबली. मग विचारलं, "रक्त कोणी काढलं?"

तिकडच्या शाखेतल्या नव्या मुलीने, भाऊजी म्हणाले. तिला शीर सापडत नव्हती, तीनदा टोचावं लागलं.

"तीनदा टोचून घेतलंत. पण माझ्यापुढे हात केला नाहीत."

भाऊजी म्हणाले, "तू तो चेहरा करशील म्हणून. बाबांची पट्टी सोडताना करायचीस तो. मला तो परत बघायचा नव्हता. म्हटलं, साखर जरा खाली आणू, मग सांगू. ती काही खाली येईना." मग थोडं थांबून म्हणाले, "बिस्किटंही सुटेनात, तेही आहे."

मला वाटलं, आता ताई रडेल किंवा ट्रे तरी फेकेल. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. भाऊजी म्हणाले की तू म्हणालीस तर आत्ता वर जाऊन सगळं पुसून टाकतो, कंपनी गेली उडत. तिने विचारलं, त्या साइटवर किती लोकांचे रिपोर्ट आहेत. एक लाख ऐंशी हजार, त्यांनी सांगितलं. आकडा विचारला की त्यांना बरं वाटतं.

"त्यातले निम्मे तरी माझ्या ह्या खुर्चीत बसून गेलेत," ताई म्हणाली. "राहू दे दोनपर्यंत. उठा तिथून, इकडे बसा."

ते पेशंटच्या खुर्चीत बसले. ताईने नवे हातमोजे चढवले, जांभळ्या टोपणाची ट्यूब घेतली आणि नियमाप्रमाणे विचारायला लागली. नाव सांगा. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. वय सांगा. सांगितलं. सकाळपासून काय काय खाल्लंत, आणि खरं सांगा. त्यांनी तेही सांगितलं. ती यादी मी इथे देत नाही, घराची अब्रू आहे. ताईने ट्यूबवर नाव लिहिलं, खाली आजची तारीख टाकली आणि त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

मी सुईकडे बघत नाही, पण त्या दिवशी बघितलं. तान्ह्या बाळांची, ऐंशी वर्षांच्या आज्यांची, ज्यांचे हात बघून बाकीच्या मुली ताईला हाक मारतात अशांची शीर तिला पहिल्याच खेपेला मिळते. मी अकरा वर्षांत तिला दुसऱ्यांदा टोचताना पाहिलेलं नाही. तिने कापूस फिरवला, अंगठ्याने शीर चाचपली, सुई घातली. ट्यूब कोरडीच राहिली. तिने सुई जराशी मागे घेतली, पुन्हा पुढे केली. काही आलं नाही.

तिने सुई बाहेर काढून कापूस दाबला, तेव्हा भाऊजींनी दुसऱ्या हाताची बाही वर केली आणि तो हात तिच्यापुढे ठेवला.